बाँडची हाणामारी आणि मागचा बाजा : तुमच्या आठवणी सांगा

टेपरेकॉर्डर
परवा आमच्याकडे उरणला शेजारी हळद होती. इकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम, आणि बँजो नसेल तर पाव्हणे जेवायलासुद्धा थांबत नाहीत. एकवीरा आई झाली, कोळीगीतं झाली, दोन पिढ्यांची हिंदी गाणी झाली आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बँजोवाल्या पोराने मधेच बाँडची ती धून काढली. तीच. डूंग डुडुडूंग डूंग डूंग. मागे कच्ची ढोल. नाचणाऱ्या मावश्यांनी ठेका सोडला नाही, नवरदेवाच्या काकाने दोन बोटांचं पिस्तूल केलं आणि मी खुर्चीत बसल्याबसल्या दादरला मामाच्या खोलीत जाऊन पोचलो.

मामाने व्हीसीआर भाड्याने आणला होता. भाडं रात्रीचं, त्यामुळे झोपणाऱ्याला शिव्या. दोन हिंदी पिक्चर संपल्यावर 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) लावला. सुरुवातीलाच बर्फावरचा पाठलाग. मागे मार्विन हॅमलिशचं चक्क डिस्को. आज ऐकलं तर हसू येतं, तेव्हा भारी वाटलं होतं. पिवळ्या कपड्यातला बाँड स्कीवरून घसरत कड्यापर्यंत येतो, कडा संपतो आणि संगीत बंद. साफ बंद. नुसता एक माणूस खाली खाली चाललाय. आतून मामी ओरडली, "लाइट गेले का रे?" आणि तेवढ्यात युनियन जॅकचं पॅराशूट उघडलं आणि धून आली. मामाने शेजारपाजाऱ्यांची पर्वा न करता आवाज वाढवला. मामी पिठाच्या हाताने दारात येऊन बघत उभी.

ती उडी खरी होती हे नंतर वाचलं. कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट आसगार्डवरून रिक सिल्व्हेस्टर नावाच्या माणसाने मारलेली. पायातून सुटलेली एक स्की पॅराशूटला जवळजवळ घासून जाते, तेही पडद्यावर दिसतं. पण माझ्या पोटात गोळा आला तो त्या शांततेने. बाकी सगळे बाँडपट मी तेव्हापासून असेच बघतो, कान लावून. हाणामारीत बाजा कधी वाजला आणि कधी हात आवरला.

तर लिहा. कुठला पाठलाग, कुठली उडी, मागे काय वाजत होतं किंवा नव्हतं, कोणाबरोबर पाहिलात. समीक्षा नको, आठवणी हव्यात.

रातराणी
रुमाल टाकून ठेवते. पोळ्या झाल्या की येते.

खडूस_काका
मामीने पोळ्या करता करता पाहिला म्हणजे रात्रीचे किती वाजले होते? दोन पिक्चर संपल्यावर पोळ्या?

टेपरेकॉर्डर
काका, पहाटे पाचला मामा ड्यूटीवर जायचा. डबा.

पिकलेलं_पान
धागा चांगला काढलात. आमच्या वेळी जुने बाँडपट मॅटिनीला परत परत लागत. मी 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) असाच इरॉसला पाहिला, कॉलेज बुडवून. त्यातली ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यातली मारामारी आठवा. बाँड शॉन कॉनरी आणि मारेकरी रॉबर्ट शॉ. एवढ्याशा डब्यात दोन धिप्पाड माणसं, दिवा फुटलेला, निळसर अंधार, आणि संगीत एक थेंब नाही. चाकांचा खडखडाट, श्वास, काच फुटल्याचा आवाज. संकलक पीटर हंट. त्याने ती इतकी तुकड्यातुकड्यांत कापली आहे की ठोसा कोणाचा कोणाला लागला हे कळायच्या आत पुढचा बसतो.

मला ती इतकी का लागली, तर मी रोज अंबरनाथहून व्हीटीला येत असे. डब्यात भांडण झालं की मागे कोण व्हायोलिन वाजवतं? असाच आवाज असतो, फक्त "अहो, पुढे सरका" एवढं जास्त.

गंमत म्हणजे त्याच सिनेमात बाँड इस्तंबूलच्या हॉटेलच्या खोलीत नुसता चोरटे माइक शोधत फिरतो, तसबिरी उचलून बघतो, आणि मागे बाँडची धून पूर्ण ताकदीनिशी. खोली तपासायला एवढा बाजा, आणि जीव जायची वेळ आली तेव्हा काहीच नाही. हा काय हिशेब म्हणून मी मित्राशी चर्चगेटपर्यंत वाद घातला होता. आता कळतो हिशेब.

भुईमूग
मॅटिनीचं तिकीट किती होतं तेव्हा काका?

पिकलेलं_पान
आकडा लक्षात नाही. एवढं नक्की की तिकिटानंतर वडा घ्यायला पैसे उरत आणि वड्यानंतर बसला उरत नसत.

सुई_दोरा
हा माझा प्रांत आहे म्हणून लांबण लावते. मी मालिकांच्या साउंडवर काम करते. ठोसे, पावलं, बांगड्या, दार लागल्याचा आवाज, हे सगळं नंतर भरावं लागतं. आमच्याकडे एक सेकंद मोकळा सोडला की वरून फोन येतो, "इथे काही ऐकू येत नाहीये." अगं बाई, सासू गप्प बसलीय, काय ऐकू येणार! मग टाका तिथे तानपुरा, टाका धडधड.

संगीत काढलं की प्रेक्षकाला कोणी सांगत नाही काय वाटून घ्यायचं ते. घाबरायचं, हसायचं, का बाँड जिंकणारच आहे म्हणून निवांत बसायचं? ती धून वाजायला लागली की आपण निवांत होतो, खरं तर. साहेब वाचणार, धून लागलीय. त्यामुळे ज्या मारामारीत तो मरू शकतो असं वाटायला हवं तिथे ती नसलेलीच बरी. 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत ऑडजॉब नावाच्या गुंडाबरोबर मारामारी आहे, तिथेही बहुतेक वेळ शांतताच आहे. सोन्याच्या विटा फेकून मारतो तरी तो जाडा नुसता हसतो.

आणि उलट टोक बघायचं तर पहिलाच 'डॉक्टर नो' (१९६२). अंगावर कोळी चढतो तो प्रसंग. बाँड उठून बुटाने त्याला मारतो तेव्हा प्रत्येक फटक्याला वाद्यवृंदाचा एक दणका. फटका, ढॅण. फटका, ढॅण. आमच्या मालिकांचे पूर्वज ते हेच.

बिनसाखरेचा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). म्हणजे तीन झूम आणि तीन ढॅण ही ब्रिटिशांची देणगी.

खडूस_काका
रेल्वे, इंग्रजी आणि ढॅण.

रातराणी
आले. पोळ्या झाल्या, भाजी लागली. असो.

माझी आठवण 'मॅन विथ द गोल्डन गन'ची (१९७४). पुण्यात अलकाला बाबांनी नेलं होतं, जुना पिक्चर परत लागला होता तेव्हा. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. आदल्या दिवशीच जेवताना त्यांनी आम्हाला चमचा फिरवून सांगितलं होतं की थायलंडमध्ये मोडक्या पुलावरून गाडी हवेत पूर्ण गोल फिरून पलीकडे चार चाकांवर उतरते, हे आधी कॉम्प्युटरवर गणित मांडून केलंय आणि एकाच टेकमध्ये जमलंय. आम्ही श्वास रोखून. ती जागा आली. गाडी सुटली, हवेत वळली, आणि मागे काय वाजावं? शिट्टी! ती घसरणारी, पीऽऽऽऊप करणारी, विदूषक पडल्यावर वाजवतात ती. सगळं थिएटर हसलं. बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. घरी येईपर्यंत ते स्कूटरवर बोललेच नाहीत, मग जिना चढताना म्हणाले, "त्या माणसाने आयुष्यभराचं गणित केलं आणि ह्यांनी शिट्टी लावली."

संगीत जॉन बॅरीचं होतं, म्हणजे देवमाणसाचं. त्याला स्वतःलाही नंतर त्याचा पस्तावा झाला होता म्हणे. बाबांना ते वाचून दाखवलं तर "उशीर झाला" एवढंच.

सुई_दोरा
रातराणी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. "ह्यांनी शिट्टी लावली" हे आमच्या स्टुडिओत भिंतीवर लिहिणार आहे.

गवती_चहा
ऑक्टोपसी कसा नाही आला अजून? आम्ही लग्नानंतर उदयपूरला गेलो होतो. ज्या गेस्टहाऊसला उतरलो त्याच्या गच्चीवर रोज रात्री ऑक्टोपसी (१९८३) लावायचे. रोज म्हणजे रोज. समोर तळ्यात तोच लेक पॅलेस दिव्यांनी झगमगतोय आणि पडद्यावरही तोच. जेवण वाढणाऱ्या मुलाला सगळे संवाद पाठ. गारुडी आला की तो ट्रे खाली ठेवून पुंगीची नक्कल करायचा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : बाँड भारतात उतरतो तेव्हा त्याचा माणूस घाटावर गारुडी बनून बसलेला असतो. विजय अमृतराज, आपला टेनिसवाला. आणि ओळख पटावी म्हणून तो पुंगीवर बाँडचीच धून वाजवतो! म्हणजे सिनेमातल्या लोकांना ती धून माहीत आहे तर. नवरा म्हणाला, मग एवढ्या वर्षांत शत्रूंना कशी नाही माहीत, वाजली की पळायचं. लग्नाला आठवडा झालेला, म्हणून मी हसले. आता हसले नसते.

मग रिक्षातला पाठलाग. रिक्षा पुढचं चाक हवेत उचलते आणि अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना मारतो, तर रस्त्यावरची गर्दी मॅच बघत असल्यासारखी माना डावीकडे उजवीकडे करते. तलवार गिळणारा, खिळ्यांची खाट, निखारे, सगळं एका गल्लीत. आणि जुगारात जिंकलेले पैसे भारतीय साथीदाराला देताना 'काही आठवडे करीची सोय झाली' अशा अर्थाचं बाँडचं वाक्य आहे ना, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आताही नाही. पण गच्ची, तळं आणि गट्ट्याची भाजी होती, त्यामुळे माफ केलं.

बिनसाखरेचा
आणि कबीर बेदी! पगडी घालून विमानाच्या पाठीवर. तो शेवटी पडतो तेव्हा आमच्या कॉलनीतल्या पोरांना वाईट वाटलं होतं. बाँड वाचला ह्याचा आनंद कमी, आपला माणूस पडला ह्याचं दुःख जास्त.

मुक्काम_पोस्ट_सातारा
त्याच सिनेमात रेल्वेच्या टपावरच्या मारामाऱ्या आहेत त्या खऱ्याखुऱ्या धावत्या गाडीवर घेतल्या आहेत. बाँड झालेल्या रॉजर मूरच्या जागी काम करणारा स्टंटमन मार्टिन ग्रेस शूटिंगमध्ये गंभीर जखमी झाला होता. तेवढं वाचल्यापासून मला तो भाग मजेत बघता येत नाही. मागे कितीही छान वाजत असो.

कोकणी_मेवा
रेल्वेचा टप म्हणालात म्हणून. 'स्कायफॉल' (२०१२) आपल्याकडे होणार होता हे किती जणांना आठवतंय? दिल्लीचं सरोजिनी नगर, दर्यागंज, आणि रेल्वेचे प्रसंग गोवा ते अहमदाबाद मार्गावर. कोकण रेल्वेचा काही भाग बंद ठेवायच्या परवानगीवरून गाडं अडलं. शेवटी सशर्त परवानगी मिळाली पण तोवर त्यांनी बेत बदलला आणि सगळं तुर्कस्तानात गेलं. आम्ही रत्नागिरीकर तेव्हा जाम खूश होतो हो. माझा चुलतभाऊ तर पानवलच्या पुलाखाली जागा बघून आला होता, कुठून बघता येईल म्हणून. ६४ मीटर उंचीचा पूल, खाली नारळी, वर बाँड. काय दिसलं असतं!

थिएटरात तो टपावरचा प्रसंग बघताना मी पूर्ण वेळ मनातल्या मनात तिथे करबुड्याचा बोगदा आणि निवसरचा डोंगर लावत होतो. डब्याचं छत फाटतं, हा आत उडी मारतो आणि शर्टाची कफ नीट करतो. शेजारी बसलेली बहीण म्हणाली, "मांडवी एक्स्प्रेसमध्ये असतं तर आत उतरायला जागा मिळाली असती का?"

भुईमूग
बाँडला पण गणपतीत वेटिंगच मिळालं असतं. टपावरून गेला तेच बरं केलं.

सई_परांजळ
वेटिंगवरून आठवलं, आता आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं ना? १२० नाही?

कोकणी_मेवा
हो ताई, नोव्हेंबर २०२४ पासून ६०. गजर लावून बसा.

खडूस_काका
झालं, धाग्याचं काश्मीर. विषय भरकटला.

पेटीवाली
वळवते परत. मी मुलांना हार्मोनियम शिकवते. एक चौथीतला मुलगा होता, त्याला कोमल धैवत आणि शुद्ध धैवत ह्यातला फरक काही केल्या लागत नव्हता. अलंकार घोटून घेतले, डोळे मिटून ओळखायला लावलं, काही नाही. एक दिवस क्लास संपल्यावर दप्तर भरता भरता तो बाँडच्या धुनीतली सुरुवातीची ती सरकणारी ओळ गुणगुणत होता. मी म्हटलं थांब, बस इथे. काळी एक सोड, पांढरी तीनला सा धर. प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल ध, परत प. वाजव. पोराचे डोळे एवढे! दोन्ही धैवत शेजारी शेजारी, एकाच ओळीत, आणि पंचमाभोवती नुसती दबकी घुटमळ. खालचा सा धरून ठेवला की झालाच बाँड तयार. त्या दिवसापासून तो धैवत चुकला नाही.

माझ्या गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "दोन धैवत लागोपाठ लावतो, गुप्तहेरच असणार."

आणि शेवटची ती गिटारची झणकार काळजीपूर्वक ऐका. सा, कोमल ग, प, आणि वर शुद्ध नी आणि रे. कोमल गंधाराशी शुद्ध निषाद लावला की असं अर्धवट, दाराआड कोणी उभं आहे असं वाटतं. ते सुटत नाही, म्हणून पुढचा सिनेमा बघावा लागतो.

मुक्काम_पोस्ट_सातारा
व्वा! आता पेटी काढतो.

पिकलेलं_पान
पेटीवाली ताई, ह्या धुनीचं मूळ तुम्हाला आवडेल. माँटी नॉर्मनने ती आधी वेगळ्याच कामासाठी रचली होती. व्ही. एस. नायपॉलांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' कादंबरीवर एक संगीतिका करायचं चाललं होतं. त्रिनिदादमधलं भारतीय कुटुंब. त्यात एक गाणं, सतारीच्या अंगाने जाणारं, आणि विषय काय तर हा मनुष्य अपशकुनी शिंक घेऊन जन्माला आला आणि तोही उलटा! संगीतिका काही झाली नाही, चाल खणात पडून राहिली, आणि 'डॉक्टर नो' आल्यावर बाहेर निघाली. जॉन बॅरीने तिला वाद्यवृंदाचा साज चढवला, व्हिक फ्लिकने गिटार वाजवली. चाल खरी कोणाची ह्यावरून पुढे अनेक वर्षं वाद. २००१ साली लंडनच्या कोर्टात नॉर्मनने बदनामीचा दावा जिंकला, ३०,००० पौंड भरपाई मिळाली.

रातराणी
थांबा थांबा. बाँडची धून शिंकेची आहे???

बिनसाखरेचा
आमच्या आजीने पहिल्याच रेकॉर्डिंगला थांबवलं असतं. "शिंक झाली, जरा बसून पाणी पी आणि मग निघ." झालं, बाँड घरीच.

गवती_चहा
आणि उलटा जन्मला म्हणजे पायाळू! पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं. गोल्डफिंगरचं सोनं कसं सापडलं ते कळलं.

कोकणी_मेवा
पायाळूवर वीज पडते पण. म्हणून छत्रीत पिस्तूल.

खडूस_काका
आमच्याकडे पायाळू माणसाकडून कंबरेवर पाय फिरवून घेतात. लचक भरली की. बाँड असता तर रांग लागली असती.

आल्प्सवरची_आत्या
इथे झुरिचला सकाळ झालीय, कॉफी घेत सगळं वाचलं. माझं सासर सांगलीचं. सासरे आले होते तेव्हा त्यांना बर्फ, चॉकलेट, घड्याळं, कशात रस नाही. म्हणाले, "ते फिरतं हॉटेल दाखव." शिल्थॉर्न डोंगरावरचं पिझ ग्लोरिया, 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मधलं (१९६९). वर पोचलो. हॉटेल फिरतंय, बाहेर आयगर आणि युंगफ्राऊ, आणि मामंजी डोळे मिटून तोंडाने वाजवताहेत : ढम ढम ढम, टँटॅटॅऽ. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा जपानी वळून बघायला लागला, आणि त्याने पुढची ओळ धरली. भाषा एकमेकांची येत नाही. दोघांनी सगळं शीर्षकसंगीत पूर्ण केलं. सासूबाई भडंग काढून बसल्या होत्या, त्यांनी जपान्यालाही दिलं.

त्या सिनेमाला सुरुवातीला गाणं नाही, नुसतं वाद्यसंगीत आहे, आणि तेच पुढे स्कीच्या पाठलागाला वापरलंय. बॅरीने त्यात मूग सिंथेसायझर घातला, तेव्हा अगदी नवीन वाद्य. खालून घुमणारा तो आवाज आहे ना, तोच. आणि मधे लुई आर्मस्ट्राँगचं गाणं. तेव्हा त्यांची तब्येत इतकी उतरली होती की ट्रम्पेट वाजवता येत नव्हतं, फक्त गायले. आपल्यापाशी सगळा वेळ आहे असं ते गाणं म्हणतं आणि लग्नाच्याच दिवशी बाँडची बायको मरते. मामंजींनी हे मला परतीच्या केबल कारमध्ये सांगितलं आणि सासूबाईंकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले.

'नो टाइम टू डाय' (२०२१) मी इथल्या थिएटरात पाहिला. शेवटी तेच गाणं लागलं. मामंजी तेव्हा नव्हते. फोन कोणाला करायचा ते कळेना.

रातराणी
आत्या 😢

टेपरेकॉर्डर
काय लिहिलंत. त्या जपानी आजोबांसकट दोघांना सलाम.

खडूस_काका
ताई, भडंग कुठलं होतं? जयसिंगपूरचं का?

आल्प्सवरची_आत्या
काका, घरचं! विकतचं आणलं असतं तर सासूबाईंनी मला केबल कारमधून ढकललं असतं. आणि टिसिनोमधल्या व्हेर्झास्काच्या धरणावर पण जाऊन आलोय, 'गोल्डनआय'ची (१९९५) उडी. २२० मीटर. वरून वाकून बघितलं आणि मागे आले.

भुईमूग
गोल्डनआय म्हणजे रणगाडा! सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यावर भिंती तोडत चाललाय आणि मधेच टाय नीट करतो. आमच्या केबलवाल्याकडे तेवढा भाग आला की घरातले सगळे गोळा.

सुई_दोरा
त्या रणगाड्याची आतली गोष्ट सांगते. सिनेमाचं संगीत एरिक सेराचं, लोखंडी, विचित्र, मला आवडतं खरं तर. पण रणगाड्याच्या पाठलागाला त्याने दिलेलं निर्मात्यांना चाललं नाही. तिथे जॉन आल्टमनकडून नवीन करून घेतलं, बाँडची धून वाजवून. बरोबरच केलं. रणगाडा आणि टाय ह्या जोडीला ढोल बडवणारी धूनच हवी, तिथे भीती नकोच आहे कोणाला.

संथ_वाहते
मी सगळ्यात शेवटी येते नेहमी. माझं आवडतं 'कसिनो रोयाल' (२००६). सुरुवातीचा तो बांधकामावरचा पाठलाग. सेबास्टियन फूकाँ भिंतीवरून माकडउड्या मारतो आणि बाँड सरळ भिंत फोडून पलीकडे. डेव्हिड आर्नल्डने त्यात आणि पूर्ण सिनेमात मूळ धून पुरी वाजूच दिली नाही. शीर्षकगीताची चाल इथे तिथे पेरली आहे, ढोलताशे आहेत, पण 'ती' नाही. शेवटच्या मिनिटाला तो स्वतःचं नाव सांगतो आणि मग येते. मी डोंबिवलीला पाहिला होता, मागे एक काका अख्खा सिनेमा "अजून वाजलं नाही, अजून वाजलं नाही" करत होते. वाजलं तेव्हा उठून उभे राहिले आणि त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "बसा, राष्ट्रगीत नाहीये."

मुक्काम_पोस्ट_सातारा
हहगलो (हसून हसून गडाबडा लोळलो).

माझं एक वेगळं. 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) लोकांना आवडत नाही पण त्यातला ब्रेगेंत्सच्या तळ्यातल्या रंगमंचावरचा ऑपेरा बघा. रंगमंचावर 'तोस्का' चाललंय, आणि मागच्या उपाहारगृहात गोळीबार. गोळ्यांचा आवाजच नाही, फक्त गाणं. रंगमंचावरचे मरतात आणि इकडचेही.

पेटीवाली
सवाईला असं झालं तर पहिल्या रांगेतले काका आधी "शूऽऽ" करतील.

बिनसाखरेचा
आणि "समेवर झाडली का हो?" विचारतील.

सई_परांजळ
'लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७) कोणीच नाही? त्यातला तो सोनेरी केसांचा मारेकरी कानाला वॉकमन लावून फिरतो आणि त्याच हेडफोनच्या वायरने गळा आवळतो. प्रिटेंडर्स बँडचं गाणं चालू असतं. नंतर तो आला की त्याच गाण्याची चाल वाद्यवृंदात वाजते, मारामारीलासुद्धा. माझ्या भावाकडे वॉकमन होता. सिनेमा पाहून आल्यावर मी आठवडाभर त्याच्याकडे पाठ करून बसले नाही. शेवटी तो मारेकरी उडत्या विमानातून बाहेर लोंबणाऱ्या मालाच्या जाळीवर बाँडशी झुंजतो तेव्हा वॉकमन कुठे गेला हाच प्रश्न मला पडला होता.

गवती_चहा
'थंडरबॉल'ची (१९६५) पाण्याखालची मारामारी. मी उठले, चहा टाकला, आलं किसलं, गाळला, आले. अजून पाण्यातच.

पिकलेलं_पान
त्याच्या शीर्षकगीतात टॉम जोन्सने शेवटचा सूर इतका लांबवला की त्याला स्टुडिओत गरगरलं होतं. मारामारीही त्याच श्वासात घेतली असावी.

संथ_वाहते
चहात आलं किसून घालता का ठेचून?

गवती_चहा
किसून. ठेचलं की गाळणीत अडकतं आणि सगळा स्वाद तिथेच राहतो.

खडूस_काका
चूक. ठेचूनच. आणि उकळी आल्यावर, आधी नाही.

भुईमूग
कोणीतरी 'स्पेक्टर'चं (२०१५) लिहा ना. आपल्याकडे चुंबन अर्धं कापून दाखवलं होतं आणि सगळीकडे 'संस्कारी बाँड'चे विनोद. मी आईबरोबर गेलो होतो, त्यामुळे सेन्सॉर मंडळाचे वैयक्तिक आभार.

बिनसाखरेचा
मेक्सिकोची सुरुवात मस्त आहे त्यात. नुसते ढोल, कॅमेरा मिरवणुकीतून हॉटेलात, लिफ्टने वर, खिडकीतून कौलांवर. आणि मृतांच्या दिवसाची तशी मिरवणूक तिथे आधी निघतच नव्हती. सिनेमात बघून शहराने २०१६ पासून खरीच काढायला सुरुवात केली.

रातराणी
मुलगा नऊ वर्षांचा आहे. बाँड दाखवायचा म्हणतेय. कुठून सुरू करू? ऑक्टोपसी चालेल? बाबा म्हणताहेत गोल्डन गन सोडून काहीही.

टेपरेकॉर्डर
'स्पाय हू लव्ह्ड मी' दाखव, पाण्यात शिरणारी लोटस गाडी बघून वेडा होईल. मधे मधे रिमोट हातात ठेव मात्र.

गवती_चहा
ऑक्टोपसी दाखव ग. रिक्षा आहे, हत्ती आहे, वाघ आहे, मगरीची होडी आहे. नऊ वर्षांच्या माणसाला अजून काय लागतं?

खडूस_काका
उकळी आल्यावर. लक्षात ठेवा.